वीज केंद्राचे संच बंद होणार, कंपनीच्या बैठकीत काय मागावं?

खानावळ_चंद्रपूर:
नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यात माझी खानावळ आहे. जवळच्या औष्णिक केंद्राचे जुने संच बंद होणार आहेत. त्यासाठी कंपनीने ‘हितधारक बैठक’ ठेवलीय. बोलावणं सरपंच, युनियनवाले आणि व्यापारी संघाला. माझ्याकडे जेवणारी पोरं राख उपसतात, कोळशाच्या बेल्टवर राबतात, सगळी ठेकेदाराची. त्यांना कुणी विचारलं नाही, मलाही नाही. मी जाणारच आहे. ‘सोलर आणू, प्रशिक्षण देऊ’ एवढ्यावर बोळवण होऊ नये म्हणून नेमकं काय मागू?

जोबर्गकर:
ताई, मी नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतो. इथल्या कोमातीचं उदाहरण बैठकीत जरूर सांगा. म्पुमलांगा हा इकडचा कोळशाचा पट्टा. तिथलं कोमाती केंद्र १९६१ साली सुरू झालं, शेवटचा संच ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबला. जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. १५० मेगावॅट सौर, ७० मेगावॅट पवन, १५० मेगावॅट बॅटरी, वर प्रशिक्षण. कागदावर काही कमी नव्हतं. एस्कॉम या इथल्या सरकारी वीज कंपनीने कायम कामगारांना दुसऱ्या केंद्रांवर सामावून घेतलं. पण संच आधी थांबले आणि नवं काम मागाहून येणार होतं. त्या मधल्या काळात ठेकेदाराची माणसं आणि त्यांच्यावर चालणारे छोटे धंदे उघड्यावर पडले. गावाशी संवाद अपुरा राहिला, अशी टीका नंतर खूप झाली. म्हणून पहिली मागणी हीच ठेवा: पर्यायी काम सुरू होईपर्यंत संच बंद करण्याची तारीख ठरवू नका. बाकीचं सगळं त्यानंतर. आणि सौर प्रकल्पात बांधणीच्या वेळी माणसं लागतात, पुढे चालवायला फार थोडी. त्यामुळे कायमच्या जागा किती, हा आकडा लेखी घ्या.

हजेरीपट:
केंद्र उभारताना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते, ३० दिवस आधी नोटीस निघते. बंद करताना या अधिसूचनेत तशी सुनावणीच नाही. म्हणून कुणाला बोलवायचं ते कंपनी ठरवते. मला हे फार खटकतं. बैठकीआधी ग्रामसभेत ठराव घ्या: ठेकेदारी कामगार, खानावळी, खोल्या भाड्याने देणारे, कोळशाचे ट्रकवाले, सगळ्यांची यादी कंपनीने ग्रामपंचायतीसोबत करावी. बैठकीचं इतिवृत्त मराठीत मागा, त्याच दिवशी, सह्यांसकट. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी खाणबाधितांसाठीच असतो, त्यातून काय करता येईल ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

खानावळ_चंद्रपूर:
ठराव घेतेच. पण ठेकेदार हजेरीची नक्कल देत नाही. पोरं तिथंच कामाला होती हे दाखवायचं कशानं?

हजेरीपट:
पीएफचं पासबुक मोबाइलवर निघतं. ठेकेदाराचं नाव आणि महिनावार भरणा त्यात दिसतो. जोडीला गेटपासचे फोटो काढून ठेवा, दोन्ही मिळून जागा आणि काळ सिद्ध होतो. ज्यांचा पीएफच कापला नाही त्यांची वेगळी यादी करा आणि ती बैठकीत सगळ्यात आधी वाचा.