दोन नायकांच्या प्रेमकथा : तुमचे वाचनानुभव

पावसाळी_दुपार

मंडळी, 'सध्या काय वाचताय' धाग्यावर मी के. जे. चार्ल्स या इंग्रज लेखिकेचं नाव काय टाकलं, पुढची दोन पानं त्यावरच गेली आणि मूळ धाग्याची पार वाट लागली. म्हणून हा वेगळा. दोन पुरुषांमधल्या प्रेमकथा, त्यातही रोमान्स म्हणून लिहिलेल्या, आजच्या काळातल्या असोत की जुन्या काळातल्या, तुम्ही कशा वाचायला लागलात आणि त्यात तुम्हाला नेमकं काय आवडतं, ते मोकळेपणाने लिहा. हे योग्य की अयोग्य यावर वाद घालायला इथे धागे पैशाला पासरी आहेत, तिकडे जा.

माझ्यापासून सुरुवात करते. मी मूळची ऐतिहासिक रोमान्सची गिऱ्हाईक. इंग्लंडचा रीजन्सी काळ, म्हणजे १८११ ते १८२०, ड्यूक, घोडागाड्या, नाचाच्या मेजवान्या. ढिगाने वाचल्यावर लक्षात आलं की नायक-नायिकेच्या मधला अडथळा लेखिकेला ओढूनताणून आणावा लागतो. हरवलेलं पत्र, कुजकी चुलतबहीण, भलता गैरसमज. दोघं पाच मिनिटं समोरासमोर बसून बोलली तर पुस्तक चाळिसाव्या पानावर आटोपेल. दोन पुरुषांच्या गोष्टीत अडथळा आणायला लागत नाही, तो घरात ठाण मांडून बसलेलाच असतो. इंग्लंडमध्ये या 'गुन्ह्या'साठी शेवटची फाशी १८३५ साली दिली गेली, आणि फाशीची तरतूद कायद्यातून गेली ती १८६१ मध्ये. त्यामुळे भर दिवाणखान्यात एकाने दुसऱ्याच्या मनगटावर क्षणभर जास्त हात ठेवला, तरी माझ्या पोटात गोळा येतो.

चार्ल्सबाईंचं 'द सीक्रेट लाइव्ज ऑफ कंट्री जंटलमेन' (२०२३) घ्या. केंटच्या किनाऱ्यावरचा रॉम्नी मार्श, दलदल, तस्करांची घराणी. गॅरेथ हा लंडनचा साधा कारकून, त्याला अचानक बॅरोनेट ही पदवी आणि मार्शमधलं घर वारशाने मिळतं. लंडनमध्ये त्याचं एकाशी जुळलेलं असतं, पण नावं विचारायची नाहीत हा करार. हा 'लंडन', तो 'केंट'. पुढे तस्करीच्या खटल्यात गॅरेथ साक्षीला उभा राहतो, आणि आपल्या आरोपी बहिणीची बाजू मांडायला समोर कोण? तोच केंट. जॉस डूम्सडे. तो भर कोर्टात त्यांच्या गुपिताकडे असा काही इशारा करतो की गॅरेथची वाचाच बसते. म्हणजे प्रेमकथेची सुरुवात उघड ब्लॅकमेलने! यातून ही दोघं कशी सावरणार, म्हणून मी रात्री दोनपर्यंत जागले. तस्करी, कट, पाठलाग सगळं आहे, पण मला आवडलेला भाग म्हणजे गॅरेथला किड्यांचा भारी नाद असतो आणि जॉस ते कौतुकाने ऐकत बसतो. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी तुझ्या सिरियली ऐकतोच की."

रानजाई

मी बँकेतून निवृत्त, साठी कधीच ओलांडली. आमच्या वेळी फडके आणि काकोडकर, मग वाचनालयातले मिल्स अँड बून. मुखपृष्ठावर वर्तमानपत्राचा कागद चढवून लोकलमध्ये वाचायचं, कारण मुखपृष्ठावरच्या बाईचा पदर कधी जागेवर नसायचा (साडी नसली तरी!).

या कथांकडे मला सुनेने वळवलं. मी का रमले, सांगते. नेहमीच्या प्रेमकथेत शेवटच्या पानावर लग्न ठरतं आणि माझ्या मनात पुढचं सगळं सुरू होतं. ही आता त्याच्या घरी जाणार. नोकरी हिची सुटणार. सासूला चहा हीच देणार. नायक कितीही गुणी दाखवा, मी या संसारातून गेलेली बाई आहे, मला पुढची पानं न लिहिताच वाचता येतात. दोन पुरुष असले की हा हिशोब मोडतो. कोण कोणाच्या घरी राहणार, पोळ्या कोण लाटणार, कोणाची बदली कोणी सोसायची, काहीच आधी ठरलेलं नसतं. दोघांना बसून बोलावं लागतं. त्यांची ती वाटाघाट वाचायला मला चुंबनापेक्षा जास्त मजा येते.

चुंबनंही वाचते. उगाच साळसूदपणा नको.

खारीबिस्किट

रानजाई आजी, तुम्ही भारी आहात!!

माझा प्रवेश लॉकडाऊनमधला. २०२० मध्ये थायलंडची 'टुगेदर' ही मालिका यूट्यूबवर येत होती. नको असलेला मागे लागलेला मुलगा टाळायला नायक कॉलेजमधल्या हॅंडसम पोराला खोटा बॉयफ्रेंड व्हायला सांगतो. आमचा सगळा ग्रुप दर आठवड्याला एकाच वेळी आपापल्या घरी बघायचा. तिथून चिनी 'दानमेइ', म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या, कादंबऱ्यांकडे वळले, आणि मग मागे फिरून बघितलंच नाही.

चीनमध्ये टीव्हीवर दोन पुरुषांचं प्रेम उघड दाखवता येत नाही. त्यामुळे 'द अनटेम्ड' (२०१९) या मालिकेत कादंबरीतलं प्रेम 'जिवलग मैत्री' झालं. पण करणाऱ्यांनी काय काय दडवून ठेवलंय! नायक लान वांगजीच्या घराण्यात कपाळावर पांढरी फीत बांधतात. ती आईवडील आणि जोडीदार सोडून कोणी हात लावायची नसते. कादंबरीत दुसरा नायक वेइ वूश्यान, एक नंबरचा वात्रट, धनुर्विद्येच्या स्पर्धेत सहज म्हणून ती ओढतो. त्याला नियम माहीतच नाही. वांगजी धनुष्य टाकून निघून जातो आणि आपल्याला वाटतं, काय खडूस माणूस आहे! फितीचा अर्थ कळतो तो कितीतरी नंतर. तेव्हा मी उलटी पानं चाळत जाऊन तो प्रसंग परत वाचला. मधल्या काळात वूश्यान मेलेला असताना हा सतारीसारखं वाद्य वाजवून त्याच्या आत्म्याला हाका मारत असतो. तेरा वर्षं. कुठेही 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' नाही. (ते शेवटी येतं. आणि नको त्या वेळी येतं. वाचा.)

कुंपणावरचा

वाचतोय. एक शंका. त्या काळी अशा लोकांच्या वाट्याला तुरुंग आणि बदनामीच येत असे. तिथे 'आणि ते सुखाने नांदू लागले' लावणं म्हणजे इतिहासावर साखर पेरणं नाही का? छान वाटतं हे मान्य, पण खोटंच ना?

इंदुरी_पोहे

कुंपणावरचा, तुमच्या शंकेवर एक खरा किस्सा. जरा लांबण लागेल.

एडवर्ड कार्पेंटर नावाचा इंग्रज लेखक शेफील्डजवळ मिलथॉर्प या खेड्यात जॉर्ज मेरिल या कामगार वस्तीत वाढलेल्या माणसाबरोबर राहत असे. १८९८ पासून तिथे, १९२२ नंतर गिल्डफर्डला, मेरिल १९२८ मध्ये जाईपर्यंत एकत्रच. लपूनछपून नाही, लोक मुद्दाम भेटायला जात. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये सक्तमजुरी झाली त्याच देशात. (हाच कार्पेंटर आपल्याकडेही येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनाच्या नावातच घारापुरी आहे : 'फ्रॉम ॲडम्स पीक टू एलिफंटा'.)

१९१३ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर या जोडीला भेटायला गेला आणि तिथेच त्याला 'मॉरिस' ही कादंबरी सुचली. पुढच्या वर्षी लिहूनही झाली. शेअर दलालीच्या पेढीतला मॉरिस आणि जमीनदाराच्या पदरचा शिकारी जंगलांचा राखणदार ॲलेक. शेवट सुखाचाच करायचा हा फॉर्स्टरचा हट्ट होता, आणि तसा केला म्हणूनच ती छापणं अवघड झालं. एकाने गळफास घेतला असता तर कदाचित छापता आली असती, असं त्यानेच नंतरच्या टिपणात म्हटलंय. टंकलिखित प्रत निवडक मित्रांत फिरत राहिली. तो १९७० मध्ये गेला आणि १९७१ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे त्या काळी मान्य होता तो दुःखी शेवट. सुखाचा शेवट कपाटात ठेवावा लागला.

आता आमच्या गावचा संबंध. मी देवासची. १९२१ मध्ये हाच फॉर्स्टर काही महिने देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा, तुकोजीराव पवारांचा, खाजगी सचिव होता. त्या काळातली पत्रं 'द हिल ऑफ देवी' मध्ये आहेत. देवी म्हणजे आमच्या टेकडीवरची. लहानपणी देवास म्हटलं की घरात फक्त कुमारजींचा (कुमार गंधर्वांचा) विषय, या साहेबाबद्दल चकार शब्द कोणी सांगितला नव्हता. 'मॉरिस'वरचा सिनेमा (१९८७) मी पुढे इंदूरला पाहिला, तोही निर्माते आपले मुंबईचे इस्माईल मर्चंट म्हणून. नंतर 'मॉरिस' हातात घेतली ती अशी, की जणू ओळखीच्यांपैकीच कोणाचं गुपित कळणार आहे.

कुंपणावरचा

हे माहीत नव्हतं. मॉरिस मागवली.

माडाखाली

आमची गाडी मडगाव-पणजी रोज. येता-जाता ऑडिओबुक. सध्या 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू'. अमेरिकेच्या अध्यक्षीणबाईंचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र, सुरुवातीलाच दोघं मिळून शाही लग्नाच्या केकवर कोसळतात. बाकी माझ्याकडे तत्त्वज्ञान नाही. ट्रॅफिकमध्ये हसू येतं, बस्स.

निळासावळा

लिहू की नको करत होतो. मी गे आहे, चाळिशीतला, पुण्यात वाढलो, आता बाहेरदेशी असतो.

पहिलं स्पष्ट सांगतो, या कथांबद्दल मला बराच काळ अढी होती. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्या बहुतेक बायका, आणि आम्ही मध्ये शोकेसमध्ये. काही पुस्तकांत दोघांपैकी एक जण म्हणजे चक्क मिशीवाली नायिका असते. लाजणं, रडणं, आजारी पडणं सगळं त्याच्याकडे. ती मी आजही तिसऱ्या प्रकरणात मिटतो.

पण माझ्या पिढीला मराठीत वाचायला काय होतं? 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये आली. ती माझ्यासाठी काय होती हे शब्दांत मांडता येणार नाही. एकाच पेइंग गेस्टवर भाऊ आणि बहीण दोघांचं प्रेम, तो निघून जातो, दोघं उरतात. पुण्यातलं घर, तेच वाडे, तीच माणसं. अप्रतिमच आहे. पण वाचून झाल्यावर मी आठवडाभर कोणाशी धड बोललो नव्हतो. आमच्याबद्दलचं जे जे चांगलं होतं, ते असंच होतं : विरह, मरण, नाहीतर मुकाट्याने लग्न.

६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला. त्या दिवशी फोन सारखा वाजत होता. रात्री जोडीदार झोपल्यावर मी किंडलवर काहीतरी हलकं शोधत होतो आणि एक रोमान्स उघडला. न्यूयॉर्क, दोन शेजारी, एक कुत्रा. काहीही घडत नाही. कुणाला एड्स होत नाही, कुणाची आई जीव देण्याची धमकी देत नाही. भांडण होतं ते कुत्र्याला कोण फिरवणार यावरून. रविवारी सकाळी लोळत वाचायचं, डोक्याला ताप नसलेलं, शेवट गोड होणार याची खात्री असलेलं पुस्तक. तुम्हा लोकांना ते शाळेपासून मिळत आलंय, म्हणून त्याची किंमत नाही. मला चाळिशीच्या उंबरठ्यावर मिळालं.

तेव्हा बायका लिहितात तर लिहू देत. चांगलं लिहा म्हणजे झालं. आणि रानजाई, पोळ्या आमच्याकडे कोणीच लाटत नाही. फ्रोझन आणतो.

खारीबिस्किट

निळासावळा 🫂
'साबर बोंडं' पाहिलात का? मराठी आहे, २०२५ मध्ये सनडान्सला मोठं पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा मुलगा गावी जातो आणि तिथे लहानपणचा मित्र भेटतो. शेवट सांगत नाही, पण घाबरू नका.

निळासावळा

पाहिला. दोनदा. दुसऱ्यांदा आईला घेऊन.

हेमाडपंती

मी सरळधोपट संसारी पुरुष, वाचन इतिहासाचं. अलेक्झांडरच्या मोहिमांवर वाचता वाचता मेरी रेनॉचं 'द पर्शियन बॉय' (१९७२) हाती लागलं. निवेदक बगोआस, इराणी दरबारातला खोजा तरुण. अलेक्झांडरवर जीव लावून बसलेला. सुरुवातीची काही पानं अवघडून वाचली, मग विसरून गेलो. लढाया बाकीचे लेखकही लिहितात. लढाईवरून परतलेल्या माणसाची जखम धुणाऱ्याच्या नजरेतून राजा दिसतो तो इथे.

त्याआधीचं तिचं 'द चॅरिअटीअर' (१९५३) मला जास्त आवडतं. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कला गुडघा निकामी झालेला सैनिक लॉरी, इस्पितळ, तिथे काम करणारा युद्धविरोधी क्वेकर पंथाचा अँड्र्यू, आणि शाळेतला जुना सीनियर राल्फ. तो खास बनवलेला जड बूट घालून चालायला शिकणं, वॉर्डातली कुजबुज, नर्सबाईंचे मूड, सगळं इतकं नेमकं आहे, कारण रेनॉ स्वतः नर्स होती. अमेरिकेत हे पुस्तक यायला १९५९ उजाडलं. रोमान्सवाल्यांनी वाचताना संयम ठेवावा, बाई सगळं अर्धवट वाक्यांत सांगतात.

पावसाळी_दुपार

मराठीत ऐतिहासिक असं काही का नाही? आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचा एवढा राबता. माझा तो रीजन्सी काळ चालू होता तेव्हाच इकडे पेशवाई बुडत होती. १८१८. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण, एल्फिन्स्टनसाहेबाची कचेरी, तिथे मोडी कागद लावायला बसवलेला पेशवे दफ्तरातला जुना कारकून आणि हरलेल्या फौजेतला बेकार शिलेदार. मी तर आत्ताच वाचायला बसेन.

हेमाडपंती

फाशीची भीती इथे आणू नका मात्र. ३७७ चं कलम १८६० च्या दंडसंहितेतलं. त्याआधी इकडे भीती असेल ती भाऊबंदांची आणि जातीची.

निळासावळा

शिलेदाराला घोडा विकावा लागतो आणि कारकून तो गुपचूप सोडवून आणतो. लिहा कोणीतरी.

रानजाई

सगळं खरं, पण १८१८ मधला पुण्याचा कारकून म्हणजे त्याचं लग्न मुंजीपाठोपाठ उरकलेलं असणार. वाड्यात बायको आहे. तिचं काय करणार ते आधी ठरवा, मग घोडा सोडवा. तिला नुसती आजारी पाडून मारलीत तर मी वाचणार नाही, सांगून ठेवते.