खड्ड्याची किल्ली कोणाकडे?

(पुण्यातल्या आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा ग्रुप, १२ जानेवारी. शुभेच्छांची चित्रं आणि पार्किंगचं रोजचं भांडण वगळून बाकीचं जसंच्या तसं देतोय. – बी-१०४)

सी-५०३ जोशी काका: सुप्रभात 🙏 आज स्वामी विवेकानंद जयंती, राष्ट्रीय युवा दिन. देशाचं भविष्य तरुणांच्या हाती! सोसायटीतल्या सर्व युवक-युवतींना शुभेच्छा.

ए-३०१ सई: धन्यवाद काका. भविष्याबरोबर मागच्या खतखड्ड्याची किल्लीपण आमच्या हाती आली तर बरं होईल. तीन आठवडे मागतोय.

सेक्रेटरी: कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ.

बी-४०२ ओंकार: काका, कोरम नाही म्हणून मीटिंग नोव्हेंबरपासून तहकूब आहे.

सी-५०३ जोशी काका: उत्साह चांगला आहे रे बाळांनो, पण आधी अभ्यास. ओंकार, तुझी बारावी ना यंदा?

बी-४०२ ओंकार: एसवायला आहे काका. बारावी कधीच झाली.

ए-१०२ कुलकर्णी काकू: खड्डा बंद झाला तेव्हा तुम्ही सगळे शाळेत होतात. चिलटं, घुशी, काय काय नव्हतं! लिफ्टपर्यंत वास यायचा.

बी-००२: लिफ्टचं जाऊ द्या. माझं स्वयंपाकघर त्याच भिंतीला आहे. दोन पावसाळे खिडकी उघडली नाही आम्ही. बोलणारे सगळे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे आहेत, एवढंच म्हणतो.

ए-३०१ सई: काका, तुमचं शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच आधी वास का यायचा ते शोधलं. जुन्या माळीदादांना विचारलं. तेव्हा खड्ड्यात फक्त ओला कचरा पडायचा, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. वर झाकण नाही, पाऊस थेट आत. हवा नाही आणि पाणी भरपूर, मग ते कुजणार नाही तर काय? खत व्हायला सुका पाला लागतो. एक बादली ओल्या कचऱ्याला एक ते दोन बादल्या पाला, वर मूठभर तयार खत किंवा आंबट ताक, आणि तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं. नीट जमलं तर ढीग आतून चांगला गरम लागतो आणि वास पावसात भिजलेल्या मातीसारखा येतो. नारळाच्या करवंट्या आणि हाडं टाकायची नाहीत. शिजवलेलं उरलंसुरलं थोडंच, तेही पाल्याखाली दाबून.
आम्ही सहा जणांनी सात दिवस वजन केलं. रोज सरासरी २६ किलो ओला कचरा निघतो. पाला तर आपल्याकडे भरपूर आहे, जाळतोच आपण तो कोपऱ्यात.

सेक्रेटरी: जाळत नाही. वॉचमन कधीतरी थोडासा...

बी-४०२ ओंकार: काका, उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे. साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड.

सेक्रेटरी: हा मेसेज ग्रुपवर कशाला टाकलास 😐

सी-२०४ खजिनदार: मुद्द्याचं बोलू. खर्च किती?

ए-३०१ सई: जाळीचं झाकण, दोन फावडी, पाल्यासाठी एक जाळीचा पिंजरा. वर्गणी काढून आम्हीच करतो, सोसायटीकडून शून्य. उलट महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल असे प्रकल्प चालू असतील तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट देते. पण प्रकल्प खरोखर चालू पाहिजे. कागदावरचा चालत नाही.

सी-२०४ खजिनदार: सूट? हे आधी का नाही सांगितलंस?

(इथून खजिनदारांचा सूर बदलला. मी फक्त नोंद घेतली.)

सी-५०३ जोशी काका: सूट वगैरे ठीक. पण हा चार दिवसांचा उत्साह असतो. परीक्षा आल्या की कोण फावडं धरणार? गणपतीत मुलांनी निर्माल्य गोळा केलं, छानच केलं. आपण स्टेजवर बोलावून ट्रॉफ्या दिल्या. असं काहीतरी करा ना.

बी-४०२ ओंकार: ट्रॉफी घरी टीव्हीवर ठेवली आहे काका, आई पुसते. ते निर्माल्य पुढे कुठे टाकायचं, हे मात्र आम्हाला कोणी ठरवू दिलं नाही. शेवटी ते घंटागाडीतच गेलं, प्लॅस्टिकसकट.

ए-१०२ कुलकर्णी काकू: मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नाही ओंकार.

बी-४०२ ओंकार: सॉरी काकू. खरंच सॉरी. पण गेलं ना तसंच?

ए-१०२ कुलकर्णी काकू: आणि ते लिफ्टजवळचं पोस्टर. सॅनिटरी पॅडचं. येणारे-जाणारे पाहुणे बघतात, बरं दिसतं का?

ए-३०१ सई: काकू, वापरलेलं पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच लिहिलंय. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा हाताने वेगळा करतात. ठिपका दिसला की त्यांना पुडा उघडून बघावा लागत नाही. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी फाडलं, मी परत लावलं.

ए-२०३: पोस्टर राहू दे. रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना मी विचारलं. म्हणाल्या, तुमच्या बिल्डिंगमधून आता जरा बरं येतंय. आणि या ताईंची संघटना उभी राहिली तीही अशीच. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, तिच्यामागे एसएनडीटीतल्या प्रौढशिक्षणाचं काम करणाऱ्या बायका होत्या आणि बाबा आढावांसारखे वडीलधारेही होते. बाबांनी त्यांना ‘आधी अभ्यास’ म्हटलं असेल असं वाटत नाही.

सी-५०३ जोशी काका: हा मेसेज डिलीट केला आहे.

बी-२०१ नलू आजी: सुनेकडून टाइप करून घेते आहे. चुकलं तर तिचं. मी शिक्षिका होते म्हणून सांगते. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा जोतीराव वीस-एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई जेमतेम सतरा. आपण त्यांच्या हिमतीबद्दल बोलतो, बोलावंच. पण वाडा कोणाचा होता? तात्यासाहेब भिड्यांचा. त्यांनी जागा दिली. ‘पोरंच आहेत, चार दिवसांत कंटाळतील’ म्हणून वाड्याला कुलूप घातलं असतं तर शाळा भरवायची कुठे, रस्त्यावर? आमच्या पिढीला सावित्रीबाईंच्या जयंतीला हार घालायला फार आवडतं, भिड्यांसारखी किल्ली काढून द्यायला जिवावर येतं. सेक्रेटरीसाहेब, खड्डा काही तुमच्या वाडवडिलांचा वाडा नाही. द्या की किल्ली.

ए-२०३: 👏👏

सेक्रेटरी: आजी, मी विरोधात नाही. पण रीतसर ठराव लागतो, आणि ही मुलं सभासद नाहीत. शेअर सर्टिफिकेटवर नाव नसेल तर सभेत मत देता येत नाही.

बी-४०२ ओंकार: नियम मान्य. फक्त गंमत बघा. अठरा पूर्ण झाल्यावर खासदार निवडायला चालतो, १९८९ पासून चालतो. खड्ड्यात पाला टाकायला शेअर सर्टिफिकेट.

सी-२०४ खजिनदार: ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?

बी-००२: थांबा. अनुमोदन मी देतो, पण माझ्या अटीवर. मोठ्या गोष्टी मलाही कळतात, पण वास माझ्या घरात येणार. तीन महिने चाचणी. वास आला की मी फोन करणार, आणि त्याच दिवशी कोणीतरी खाली यायचं. परीक्षा असो, लग्न असो. एक नाव आणि एक नंबर द्या. ‘आम्ही सहा जण’ असं चालणार नाही. सहा जणांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

ए-३०१ सई: माझं नाव आणि माझा नंबर. परीक्षेच्या काळात ओंकारचा. माझी मेमध्ये, त्याची एप्रिलमध्ये, तारखा बघूनच ठरवलंय. आणि काका, पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतः रोज वास घेऊन बघा, फोनची वाट बघू नका.

बी-००२: बरं. मग माझं अनुमोदन.

ए-१०२ कुलकर्णी काकू: माझ्याकडे ताक रोजच उरतं. किती दिवसांचं आंबट लागतं?

ए-३०१ सई: तीन-चार दिवसांचं चालेल काकू. मीच येते न्यायला.

सी-५०३ जोशी काका: आमच्या गॅलरीसमोरच्या बदामाचा पाला ढिगाने पडतो. पोती भरून ठेवू का?

बी-४०२ ओंकार: ठेवा काका. पण बदामाची पानं जाड असतात, लवकर कुजत नाहीत. चुरून लागतील.

सी-५०३ जोशी काका: संध्याकाळी मला वेळच असतो. चुरतो.

सेक्रेटरी: किल्ली मीटर रूममध्ये खिळ्याला आहे, पिवळी दोरी बांधलेली. कुलूप गंजलंय, तेल घेऊन या.

बी-४०२ ओंकार: खोबरेल चालेल?

सेक्रेटरी: अरे, शिवणयंत्राचं! नलू आजींकडे असेल.