रॉबर्ट लँग्डन : चिन्हं वाचणारा की कुलुपं उघडणारा?

ओसरी

मी चित्रकला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवते. लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’, म्हणजे येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, पडद्यावर लावलं की दरवर्षी पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, “मॅडम, येशूच्या शेजारी बसलेली ती मॅग्डालेन ना?” ही मेरी मॅग्डालेन येशूची बायको होती आणि चर्चने ते लपवलं, असं ‘द दा विंची कोड’ ही थरारकादंबरी सांगते. यंदा जिने विचारलं तिचा जन्मच ती कादंबरी आल्यानंतरचा, म्हणजे २००३ नंतरचा. तिने पुस्तक वाचलेलं नाही, सिनेमाही बघितलेला नाही. पण जुन्या चित्रात काहीतरी दडवलेलं असतं आणि ते हुडकून काढायचं असतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

ह्याच्या मुळाशी रॉबर्ट लँग्डन आहे. डॅन ब्राऊनचा नायक, हार्वर्डमधला ‘धार्मिक प्रतीकशास्त्रा’चा प्राध्यापक. अंगात ट्वीडचं जाकीट, मनगटावर मिकी माऊसचं घड्याळ, बंद जागेची भीती. २००० ते २०२५ ह्या काळात त्याच्या सहा कादंबऱ्या आल्या, सहावी प्रागमध्ये घडते. त्याचा हा विषय काल्पनिक आहे. खऱ्या जगात हे काम कलेतिहास, प्रतिमाविद्या आणि चिन्हमीमांसा मिळून करतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कादंबरीतल्या माणसाला कादंबरीतली खुर्ची मिळायला हरकत नसावी.

तक्रार वेगळी आहे. लँग्डन प्रत्येक चिन्हाकडे कुलूप म्हणून बघतो. आत एक गुपित, त्याला एकच किल्ली आणि ती त्याच्याकडे. पण चर्चमधली बहुतेक चिन्हं नेमकी उलट कामासाठी घडवली गेली. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही दारातूनच कळावं, हा कोण नि ती कोण. हातात किल्ल्या म्हणजे संत पीटर. मोडकं चाक म्हणजे कॅथरीन. लोखंडी जाळी म्हणजे लॉरेन्स, कारण त्याला तीवर भाजून मारलं अशी कथा आहे. आपल्याकडे पायाशी उंदीर दिसला की गणपती कळतो, तसंच हे. इथे ओळख पटवायची आहे, लपवायचं काहीच नाही.

आणि दडलेलं शोधायच्या नादात समोरचं दिसेनासं होतं. त्या मुलीला मी विचारलं, पीटरच्या हातात काय आहे? सुरी तिने बघितलीच नव्हती. येशूला धरून देणाऱ्या ज्यूडासने मुठीत आवळलेली थैली? तीही नाही. त्याच्या हाताजवळ कलंडलेलं मीठ मूळ भिंतीवर आता जेमतेम दिसतं, म्हणून मी जाम्पिएत्रीनोने केलेली जुनी प्रत लावली. तिच्यात ते स्वच्छ दिसतं. मग तिला सांगितलं, “तुमच्यातलाच एक जण मला धरून देणार,” असं येशू आत्ता बोललाय. आता परत बघ. ती पुढच्या बाकावर येऊन बसली आणि एकेका चेहऱ्यावर बोट नेत राहिली.

जी मुलं माझ्या वर्गात येत नाहीत त्यांचं काय? लँग्डनमुळे माणसं चित्रांकडे वळली, की चित्रं बघण्याची रीतच बिघडली? मला वाटतं, रीत बिघडली. तुम्हाला काय वाटतं?

रातवा

ओसरीताई, अजिबात पटलं नाही.

मी कारखान्यात नोकरी करतो, पाळी बदलती. कलेचा आणि माझा संबंध कॅलेंडरपुरता. वाचनालयातून ‘एंजल्स अँड डेमन्स’ आणलं, रात्रपाळीच्या आठवड्यात संपवलं आणि नंतर रोमचा नकाशा छापून घेऊन त्यावर पेन्सिलने कादंबरीतली चार ठिकाणं जोडली. पोपोलोच्या चर्चमधलं कीजी चॅपल, सेंट पीटरच्या चौकातली वारा कोरलेली फरशी, व्हित्तोरियाच्या चर्चमधली संत तेरेसा आणि नवोना चौकातलं चार नद्यांचं कारंजं. चारही ठिकाणं खरी आहेत, चारही ठिकाणी बर्निनी ह्या शिल्पकाराचं काम आहे. त्या चार नद्यांत एक आपली गंगा आहे! रोमच्या भर चौकात संगमरवरी गंगा बसलीय, हे मला कुठल्या शाळेने सांगितलं होतं?

पुढे मी बर्निनीवरची दोन पुस्तकं मागवली, इंग्रजी, शब्दकोश घेऊन वाचली. तेरेसाच्या अंगावरचं वस्त्र दगडाचं आहे हे अजून डोळ्यांना खरं वाटत नाही. लँग्डन नसता तर मी बर्निनी हे नावही न ऐकता म्हातारा झालो असतो. थरारकथेचं काम पान उलटायला लावणं आणि ते तो चोख करतो. पुढचं शिकवायला तुम्ही आहातच की.

तिसरा प्रहर

रातवा, शिल्पं खरी आहेत, पण त्यांना जोडणारी गोष्ट? लँग्डन त्या शिल्पांत ज्या गुप्त संघटनेच्या खुणा शोधतो ती इलुमिनाटी १ मे १७७६ रोजी बव्हेरियात, इंगोलश्टाटला, अॅडम वाइसहाउप्टने स्थापन केली. गॅलिलिओ वारला १६४२ मध्ये, बर्निनी १६८० मध्ये. कादंबरी दोघांनाही त्या संघटनेत बसवते. बर्निनी तर उतारवयात नेमाने चर्चला जाणारा भाविक माणूस होता.

हेही मी एक वेळ सोडून देईन. पण ‘द दा विंची कोड’च्या सुरुवातीला, गोष्ट सुरू होण्याआधी, ‘फॅक्ट’ असं शीर्षक देऊन लिहिलंय की प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरी संघटना आहे. ती १९५६ मध्ये प्येर प्लांतार नावाच्या माणसाने फ्रान्समध्ये नोंदवली. लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो ह्यांची नावं असलेली तिच्या प्रमुखांची यादी त्याच्याच गोटातली. ते बनावट कागद १९६०च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले आणि पुढे लोक त्यांना पुरावा समजू लागले.

कथेत हवं तेवढं खोटं बोलावं, तो लेखकाचा हक्क आहे. कथेच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलू नये. वाचक तिथे बेसावध असतो, त्याने पुस्तकावर विश्वास टाकलेला असतो. माझा राग तेवढ्या एका पानावर आहे, पण तो खरा राग आहे.

सीमोल्लंघन

पॅरिसच्या साँ-सुल्पीसबद्दल सांगते. ‘द दा विंची कोड’मध्ये ह्या चर्चच्या फरशीतल्या पितळी रेषेला ‘रोझ लाइन’ म्हटलंय आणि तिथे पूर्वी मूर्तिपूजकांचं देऊळ होतं असं सुचवलंय. मी गेले तेव्हा आत फलकच लावलेला होता: एका खपाऊ कादंबरीत म्हटलंय तसं हे देवळाचे अवशेष नाहीत, ह्या रेषेला रोझ लाइन कधीच म्हणत नव्हते, आणि खिडकीवरची पी आणि एस ही अक्षरं म्हणजे पीटर आणि सुल्पीस हे चर्चचे दोन संत, प्रायरी ऑफ सायन नव्हे.

सप्टेंबरची बावीस तारीख होती. तिथला सौर मध्यान्ह त्या दिवसांत घड्याळात पावणेदोनच्या सुमाराला येतो, हे मी आधी बघून गेले होते. लोक येत होते, रेषेचे फोटो काढत होते, जात होते. मी खुर्ची धरून बसले. दक्षिणेकडच्या खिडकीतल्या बारीक छिद्रातून आलेला उजेडाचा गोल ठिपका फरशीवरून सरकत आला. इतका हळू, की सरकताना दिसत नाही, सरकलेला दिसतो. आणि वेदीसमोरच्या लंबगोल ताटलीवर, रेषेवर, येऊन टेकला. विषुवदिन! थंडीत सूर्य खाली गेला की हाच ठिपका समोरच्या भिंतीशी असलेल्या संगमरवरी स्तंभावर चढतो.

हे यंत्र १७४३ मध्ये ल मोनिए ह्या खगोलशास्त्रज्ञाने पुरं केलं, चर्चच्याच आश्रयाने. ईस्टरची तारीख अचूक काढायची तर विषुवदिन अचूक हवा. म्हणजे चर्च विरुद्ध विज्ञान ही लँग्डनची आवडती लढाई जिथे लढली गेली नाही, ती जागा त्याने लढाईसाठी निवडली. खरी हकीकत जास्त सुंदर होती. त्याने ती वाचकाला दिली नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

रातवा

सीमोल्लंघन, पण तुम्ही साँ-सुल्पीसला गेलात कशाने?

सीमोल्लंघन

कादंबरीमुळेच. हे मान्य करायलाच हवं.

मांडवीतीर

मी गोव्याचा, कॅथलिक, मराठी शाळेत शिकलेला. २००६ मध्ये ह्या कादंबरीवरचा सिनेमा आला तेव्हा गोव्यात त्यावर बंदी आली. सेन्सॉरने देशभरासाठी ‘अ’ प्रमाणपत्र दिलं होतं आणि ही काल्पनिक कथा आहे अशी सूचना दाखवायला लावली होती. तरीही काही राज्यांनी बंदी घातली.

मी बंदीच्या विरोधात होतो, आजही आहे. पण माझ्या मायला जे लागलं ते खोटं नव्हतं. तिने पुस्तक वाचलं नव्हतं. शेजारच्या मुलाने घरी येऊन तिला विचारलं, “तुमच्या चर्चने इतकी वर्षं लपवून ठेवलं म्हणे?” रोज संध्याकाळी हातात रोझरी घेऊन बसणाऱ्या बाईने ह्याला काय उत्तर द्यायचं? ती गप्प राहिली आणि दिवसभर गप्पच होती. तिसरा प्रहर त्या एका पानावर चिडलेत ना, त्या पानाची झळ अशी पोचते. बंदीने काहीच साधलं नाही. साधी सूचना पुस्तकात असती तर पुष्कळ साधलं असतं.

ओसरी म्हणतात त्या कॅथरीनच्या चाकाबद्दल. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिचंच. पोर्तुगीजांनी २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, गोवा घेतला म्हणून. मुख्य वेदीमागच्या सोनेरी लाकडी फलकांवर तिच्या हौतात्म्याची कथा कोरलीय. लहानपणी माय मला बोट धरून ती दाखवायची. तिला काटेरी चाकाला बांधून मारणार होते, चाक मोडलं, मग तलवारीने मारलं. माय चौथी शिकलेली. तिला कुठल्याही प्रतीकशास्त्राची गरज नव्हती.

निळावंती

एक वेगळा मुद्दा. ‘द दा विंची कोड’मधली सोफी नव्हू ही पोलिसांतली सांकेतिक लिपीची तज्ज्ञ, तरी निम्मं पुस्तक ती लँग्डनचं व्याख्यान ऐकते. जवळजवळ प्रत्येक कादंबरीत एक हुशार बाई असते आणि तिचं मुख्य काम “म्हणजे काय?” असं विचारणं. मात्र लिओनार्दोच्या धर्तीवर आरशातल्या उलट्या अक्षरांत लिहिलेला मजकूर समोर येतो तेव्हा लँग्डन आणि त्याचा विद्वान मित्र, दोघेही अडतात आणि ओळखते ती सोफी. तो प्रसंग मला फार आवडतो. लेखकाने तिला असं आणखी चार वेळा ओळखू द्यायला हवं होतं.

गडवाट

मी रातवांच्या बाजूचा. निदान मागच्या पावसाळ्यापर्यंत होतो.

कॉलेजात लँग्डन वाचला आणि ट्रेकला जाताना दगड बघायची सवय लागली. आधी किल्ल्याखालच्या गावात देवळाबाहेर रांगेने मांडलेले वीरगळ म्हणजे माझ्यासाठी शेंदूर फासलेले दगड होते. मग वाचायला शिकलो. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, सगळ्यांच्या वर चंद्र आणि सूर्य. ते असेतो ह्याचं नाव राहो. खालच्या चौकटीत गायी असतील तर बहुधा गोधन वाचवताना गेला. आता तो दगड माझ्याशी बोलतो.

मागच्या पावसाळ्यात त्याच वाटेवरचा एक वीरगळ उपटून पालथा टाकलेला दिसला. खाली कमरेएवढा खड्डा, कडेला लिंबं आणि हळद. चंद्र-सूर्य ही गुप्तधनाची खूण, असं कोणीतरी ‘वाचलं’ होतं. आम्ही चौघांनी तो सरळ केला तर वरची चौकट फुटलेली. चंद्र होता, सूर्य गेला. तुकडा शोधायला अर्धा तास चिखलात हात घातले, मिळाला नाही.

गुप्तधनाचं वेड लँग्डनच्या कितीतरी आधीचं आहे, त्याचा दोष मी त्याच्यावर घालत नाही. पण ओसरीताईंचं कुलूप-किल्लीचं म्हणणं वाचलं आणि तो खड्डा आठवला. जो दगड सगळ्या गावाला “हा माणूस विसरू नका” एवढंच सांगायला उभा केला, त्यात कुलूप दिसलं की माणूस पहार घेऊन येतो.

रातवा

गडवाट, वाचून गलबललं. तरी माझी जागा सोडत नाही. पहार घेऊन आलेल्या माणसाने कादंबरी वाचली नव्हती. वाचली ती तुम्ही, आणि तुम्ही दगड सरळ केलात.

कोडं सुटण्याचा आनंदही खोटा नसतो. २००६ मध्ये लंडनला ‘द दा विंची कोड’वर उसनवारीचा खटला चालला. फिर्यादी हरले. न्यायमूर्ती पीटर स्मिथ ह्यांनी निकालपत्रात काही अक्षरं तिरकी छापून त्यांत स्वतःचा एक गुप्त संदेश दडवला होता आणि तो एका वकिलाने उलगडला. हायकोर्टाच्या न्यायाधीशालाही मोह आवरला नाही. ही भूक माणसात आहे. ती ज्याने चित्रांच्या दिशेने वळवली त्याला मी वाईट म्हणणार नाही.

ओसरी

रातवा, तुम्ही शब्दकोशाच्या आधाराने वाचलेली ती दोन पुस्तकं मनातून जात नाहीत. माणसं चित्रांकडे येतात हे मान्य, तेवढं मी मागे घेते. रीत बिघडते हे मात्र मागे घेत नाही, गडवाटांचं वाचल्यावर तर नाहीच. सोमवारी वर्गात वीरगळाचा फोटो लावणार आहे, गडवाट, तुमच्याकडे असेल तर पाठवाल का? फुटलेल्या चौकटीचाही.

गडवाट

दोन्ही पाठवतो. फुटण्याआधीचाही आहे.

रातवा

ताई, एक विचारायचं राहिलं. नवोनाच्या कारंजावरच्या नाईल नदीने डोक्यावरून वस्त्र ओढून घेतलंय. एका व्हिडिओत ऐकलं की समोरचं सांत आन्येझेचं चर्च बर्निनीच्या प्रतिस्पर्ध्याने, बोरोमिनीने बांधलं, ते नजरेस पडू नये म्हणून बर्निनीने मुद्दाम तिचा चेहरा झाकला. खरं आहे?

ओसरी

कारंजं पुरं झालं १६५१ मध्ये. चर्चचं काम सुरूच १६५२ मध्ये झालं, बोरोमिनी त्यावर आणखी नंतर आला. जे उभंच नव्हतं ते बघायचं कसं टाळणार?

चेहरा झाकलाय कारण नाईलचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. आणि गंगेच्या हातात बघा, लांब वल्हं आहे. तिच्यातून दूरवर नावा जातात म्हणून.

रातवा

वल्हं मी काठी समजत होतो. आता परत फोटो काढून बसतो.