ओल्या शर्टात एकच हात घातलेला असताना टिपलेले छायाचित्र प्रदर्शनात लावावे का?

नागनदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात राहते, बँकेत नोकरी करते आणि गेली आठ वर्षे हौसेने छायाचित्रण करते. दोन वर्षांपासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. कॅमेऱ्याच्या मागे किंवा पुढे ज्यांनी असे प्रसंग अनुभवले असतील, त्यांचे मत मला हवे आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शहरात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउट या भागांतील तळमजल्यांत शिरले, हे इथल्या बहुतेकांना आठवत असेल. महालक्ष्म्यांचे दिवस होते. आदल्या दिवशीच घरोघरी जेवणे झाली होती. सकाळी नऊच्या सुमारास मी कॅमेरा घेऊन बाहेर पडले. मदतीसाठी निघाले होते असे मी म्हणणार नाही. काय झाले ते पाहावे आणि टिपावे, एवढेच मनात होते.

एका घराच्या ओट्यावर सत्तरीतले एक गृहस्थ भिजलेली कागदपत्रे सोडवत बसले होते. अंगात बनियान, पोटऱ्यांपर्यंत चिखल. पेन्शनचे पुस्तक, घरटॅक्सच्या पावत्या, कोणाची तरी गुणपत्रिका असे सारे एकमेकांना चिकटले होते आणि ते पानाखाली नख घालून हलकेच फुंकर मारत होते. मी रस्त्याच्या पलीकडून झूम लेन्सने सात-आठ छायाचित्रे काढली. मग त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले. ते रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. त्यांनी कुंपणाच्या भिंतीवरचा ओला शर्ट उचलला आणि घाईघाईने अंगात घालायला घेतला. ओले कापड दंडाला चिकटून बसले. एक हात बाहीत, दुसरा मोकळा आणि नजर थेट माझ्यावर, नेमक्या त्या क्षणी मी पुन्हा बटण दाबले.

ते छायाचित्र फार चांगले आले आहे, आणि माझी अडचण तीच आहे. आता ते शहरातील एका प्रदर्शनासाठी निवडले गेले असून पंधरा दिवसांत मोठी प्रत द्यायची आहे. ज्यांनी ज्यांनी ते पाहिले, त्यांनी त्या अडकलेल्या हाताचेच कौतुक केले. मला मात्र आता असे वाटते की शर्ट घालणे हीच त्यांची 'थांबा' म्हणण्याची रीत होती, आणि मी तो नकारच टिपून घेतला. माझे यजमान म्हणतात की रस्त्यावरून दिसते ते टिपण्यात गैर काय? पण त्या सकाळी मी त्या गृहस्थांना साधे पाणीही विचारले नाही, याची लाज मला छायाचित्राहून अधिक वाटते, आणि या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

हे छायाचित्र लावावे का? आणि पुन्हा असा क्षण समोर आला, तर हात कुठे थांबवावा?

जुना वृत्तछायाचित्रकार

ताई, मी तीस वर्षे विदर्भात वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढली, त्यातली निम्मी फिल्मवर. आपला प्रश्न आमच्या व्यवसायात फार वेळा टाळला गेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

असा विषय निघाला की वृत्तछायाचित्रकार केविन कार्टर यांचे नाव येतेच. १९९३ मध्ये सुदानच्या दुष्काळात त्यांनी वाकलेले मूल आणि त्याच्या मागे बसलेले गिधाड टिपले, १९९४ मध्ये त्याला पत्रकारितेतला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी जुलैत त्यांनी आत्महत्या केली. मूल उचलले का नाही, असे लोक त्यांना विचारत राहिले. खरे तर त्या मुलाच्या मनगटावर अन्नकेंद्राची प्लास्टिकची पट्टी दिसते, म्हणजे त्याची तेथे नोंद झालेली होती. गिधाडालाही त्यांनी नंतर हाकलले होते. मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. गिधाड पंख पसरेल या आशेने ते सुमारे वीस मिनिटे थांबले होते. ती प्रतीक्षा मी ओळखतो. त्या वेळात आपण, स्वतःला न सांगता, समोरचे दुःख अजून थोडे गडद व्हावे अशी इच्छा करत असतो.

माझा स्वतःचा अपराध सांगतो. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान विदर्भात आले असताना शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, आणि त्या पावसाळ्यात दिल्ली-मुंबईची माणसे आमच्यासोबत गावोगाव फिरू लागली. यवतमाळ जिल्ह्यातील एका घरी मी गेलो. घरधन्याला जाऊन चार महिने झाले होते. त्याची पत्नी मुलाला वरणभात भरवत होती. मी म्हणालो, "ताई, तसबीर जरा हातात घेऊन उंबऱ्यात बसता का?" तिने हात धुतले, खिळ्यावरची तसबीर काढली, काचेवरची धूळ पदराने पुसली आणि मला विचारले, "डोक्यावरून पदर घेऊ का नको?" माझ्या आधी किती जण येऊन गेले असतील, हे मला त्या एका प्रश्नाने कळले. तरीही मी छायाचित्र काढले, आणि ते छापूनही आले. तिने होकार दिला होता, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. पण सरकारी मदतीचे एक लाख अडकलेल्या बाईसमोर खांद्याला बॅग लावलेला माणूस उभा राहिला, की तिच्या होकाराला किती अर्थ उरतो?

आपण त्या गृहस्थांना काही करायला लावले नाही, एवढा फरक आहे, आणि तो मोठा आहे. पण माझे मत विचाराल, तर त्यांना विचारल्याशिवाय ते छायाचित्र भिंतीवर जाऊ नये. कागद सोडवतानाची आधीची सात-आठ छायाचित्रे आहेत ना? पाण्याने काय केले ते त्यांत आहे. शेवटच्या छायाचित्रात तुम्ही काय केले ते आहे.

सदरचा वकील

कायद्यापुरते थोडक्यात लिहितो. सार्वजनिक ठिकाणी दिसणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र काढण्यास सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केले आहे, आणि काही बाबतींत थेट बंदी आहे : काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करणे (बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४), बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे (भारतीय न्याय संहिता, कलम ७२), आणि मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीविना माध्यमांना देणे (मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम २४). आपले प्रकरण यांपैकी कशातही बसत नाही. परंतु आपल्या यजमानांच्या बोलण्यात एक गोष्ट निसटली आहे. आपण रस्त्यावर होतात; ते गृहस्थ त्यांच्या ओट्यावर, म्हणजे स्वतःच्या घरात बसले होते.

अपघाताच्या जागी नुसते चित्रीकरण करत उभे राहणारे लोक पोलिसांच्या भानगडीची भीती सांगतात, म्हणून हेही लिहून ठेवतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ आले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, आणि त्याला नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही.

पत्रकारितेचा विद्यार्थी

मला वृत्तछायाचित्रकार काकांचे मत पूर्ण मान्य नाही, आणि ते आदर राखूनच मांडतो. प्रत्येक ठिकाणी आधी विचारायचे ठरवले, तर काही छायाचित्रे कधीच निघाली नसती. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी मातीत पुरल्या जाणाऱ्या बालकाचा चेहरा टिपला. ते मूल कोणाचे हे कळलेच नाही. संमती कोणाकडे मागायची होती? वायुगळतीचे नाव काढले की आजही तोच चेहरा डोळ्यांसमोर येतो. १९३६ मध्ये अमेरिकेत डोरोथिया लँग यांनी मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र काढले आणि ते छापून आल्यावर सरकारने त्या तळावर २०,००० पौंड अन्न पाठवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारकडे एका माणसाने पत्नीचा मृतदेह दुचाकीला बांधून नेला. ती चित्रफीत देशाने पाहिली नसती, तर मदतीला कोणी थांबले नाही हे तरी आपल्याला कळले असते का?

ताई, तुमच्या छायाचित्रातील संकोच हा त्या पुराचाच भाग आहे. पाणी नुसते घरात शिरले नाही, त्याने माणसांना उघड्यावर आणून बसवले, आणि हे फक्त त्या एका छायाचित्रात दिसते. ते लावावे, असे मला मनापासून वाटते.

जुना वृत्तछायाचित्रकार

लँग यांच्याविषयी एवढेच जोडतो की अन्न तळावर पोहोचले तेव्हा ती आई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. लँग यांनी तिचे वय लिहून घेतले, बत्तीस. नाव विचारले नाही. ते जगासमोर यायला १९७८ उजाडले, आणि तेव्हा त्या बाईने कडवट होऊन सांगितले की त्या छायाचित्रातून तिला काहीच मिळाले नाही.

वर्धा रोडवरची

मी छायाचित्रकार नाही. देवलापारची ती चित्रफीत मी पूर्ण पाहू शकले नाही. का ते सांगते.

सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला वर्धा रोडवर ट्रकने धडक दिली आणि तो जागीच गेला. मी पोहोचण्याआधी त्याच्या चेहऱ्याचा फोटो आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, खाली 'ओळख पटल्यास कळवा' असे लिहून. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. माझ्या आईने तो स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता उघडला. चेहरा ओळखू येण्यासारखा नव्हता. तिने गळ्यातल्या चौकटीच्या मफलरवरून ओळखले. आज इतक्या वर्षांनंतरही ती मध्येच विचारते, "त्याच्या पायात एकच चप्पल का होती गं?" ती घटनास्थळी गेली नव्हती. हा प्रश्न तिला त्या फोटोने दिला आहे.

पण त्याच जागी आणखी एक फोटो निघाला होता. बाजूच्या पानठेल्यावरच्या मुलाने पळून जाणाऱ्या ट्रकचा मागचा नंबर मोबाईलमध्ये टिपला. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आमच्या वकिलांनी तोच लावला आणि त्यामुळेच दावा टिकला. त्या मुलाने डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून भावाच्या तोंडावर टाकला होता. तो दुपट्टा आम्ही धुऊन त्याला परत करायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या ना जी."

म्हणून छायाचित्रे काढूच नका असे मी म्हणणार नाही. विद्यार्थी मित्राला मात्र मला एक विचारायचे आहे. संकोच हा पुराचा भाग आहे असे तुम्ही म्हणता, पण तो संकोच त्या आजोबांचा आहे ना? कागद भिजले, घर भिजले, ते साऱ्या कॉलनीचे झाले. शर्ट घालण्याची घाई एकट्या त्यांची होती. ताई, तुम्ही त्यांच्याकडे जा. माझ्या आईकडे त्या फोटोबद्दल आजवर कोणीही आलेले नाही.

नागनदीकाठ

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रविवारी मी गेले. लहान आकाराची एक प्रत पाकिटात घेतली होती, आणि दार उघडेपर्यंत परत फिरावे असे दोनदा वाटले.

ते मला ओळखले नाहीत. मी सगळे सांगितले. त्यांना पाणीही विचारले नव्हते हेसुद्धा. त्यांनी चष्मा लावून छायाचित्र बराच वेळ पाहिले, पण स्वतःकडे नव्हे, मागच्या फाटकाकडे. फाटकावर दोन साड्या वाळत घातलेल्या दिसतात. इतक्या वेळा पाहूनही त्या कशाच्या, हे माझ्या लक्षात आले नव्हते. "आमच्या महालक्ष्म्यांच्या आहेत ह्या," ते म्हणाले. "मुखवटे वर माळ्यावर नेता आले, साड्या राहून गेल्या." मग स्वतःच्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, "हे घरी ठेवतो मी. बाहेर नको लावू, बेटा."

त्यांच्या सूनबाईंचे मत वेगळे होते. भिंतीवर कमरेच्या वर उमटलेली चिखलाची रेघ त्यांनी अजून रंगवू दिलेली नाही. त्या मला ती दाखवून म्हणाल्या की लोकांना हे विसरायला फार वेळ लागत नाही, लावू द्या फोटो. दोघांचे थोडे बोलणे झाले. मी मध्ये पडले नाही. शेवटी ते आत गेले आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणे लावून बाहेर आले. "लोकांना दाखवायचंच असेल, तर असा काढ," असे म्हणून त्या रेघेशेजारी उभे राहिले. रेघ त्यांच्या कोपराच्या थोडी वर येते.

आधीचे छायाचित्र मी प्रदर्शनातून मागे घेतले आहे आणि नवे पाठवले आहे. निवड समितीचे उत्तर अजून आलेले नाही. विद्यार्थी मित्राला नवे छायाचित्र फिके वाटेल, आणि छायाचित्र म्हणून ते पहिल्याइतके चांगले नाही, हे मलाही दिसते. त्याची प्रत त्यांना बुधवारी नेऊन द्यायची आहे. सूनबाईंनी दोन मागितल्या आहेत.