कॅम्पर व्हॅनला रनिंग बोर्ड स्वतः बसवायचे आहेत. ब्रॅकेट नेमके कुठे पकडावेत?

हातोडी_आणि_नकाशा (प्रश्न)

नमस्कार. आमची कॅम्पर मालवाहू व्हॅनपासून घडवलेली असल्यामुळे तिचा तळ बराच उंच आहे आणि सरकत्या दरवाजातून आत चढताना माझ्या आईला दर वेळी कुणीतरी हात द्यावा लागतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे पूर्ण लांबीचे रनिंग बोर्ड (दरवाजाखाली बाजूने बसणारी पाय ठेवायची पट्टी) घरीच बसवावेत, असे मनात आहे. मी पाहिलेल्या संचात प्रत्येक बाजूला तीन ब्रॅकेट आणि एम-8 मापाचे (8 मिमी जाडीचे) बोल्ट आहेत.

गाडीखाली शिरून पाहिले, तेव्हा एका बाजूला दरवाजाखालच्या पोकळ पत्र्याच्या पेटीच्या आतल्या भिंतीत रबरी बुचे बसवलेली भोके सापडली आणि त्यांतील काहींमागे आटे असलेले नटही आहेत. सरकत्या दरवाजाच्या बाजूला मात्र पुढची एक जागा सोडली, तर सगळा पत्रा कोरा आहे. तिथे भोक पाडून पत्र्यातच आटे पाडले तर चालतील का, की ब्रॅकेट वेल्ड करून घेणे बरे? नव्या भोकांमुळे गंज लागेल, ही धास्तीही आहेच. शिवाय बोर्डावर उभे राहून छतावरचे सामान काढता आले तर एका कामात दोन कामे होतील.

पानापेटी

पत्र्यात आटे पाडण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. एम-8 बोल्टच्या दोन आट्यांमधले अंतर 1.25 मिमी असते आणि पेटीचा पत्रा बहुधा जेमतेम तेवढाच, किंवा त्याहून पातळ असतो. याचा अर्थ असा की, बोल्टला धरायला एकही पूर्ण आटा मिळत नाही.

त्यात बोर्डावरचे वजन नुसते खाली ओढत नाही, ते ब्रॅकेटला उचकटूही पाहते. समजा, 90 किलोची व्यक्ती पेटीपासून 20 सेंमी बाहेर, नेमकी एका ब्रॅकेटवर उभी आहे. वरचा बोल्ट आणि ब्रॅकेटचा खालचा टेकू यांत 10 सेंमी अंतर असेल, तर त्या बोल्टवर बाहेरच्या दिशेने सुमारे 180 किलोची ओढ बसते. माणूस दाणकन पाय ठेवून चढला, तर याहूनही जास्त. बोर्डाची पट्टी सहसा मोडत नाही. निकामी होते ती ब्रॅकेट आणि पत्रा यांच्यातली पकड, आणि तीही हळूहळू, भोकाची कड ओढली जाऊन.

म्हणून जिथे कंपनीचे नट आहेत तिथे तेच वापरा, आणि जिथे नाहीत तिथे पोलादी रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात बाहेरूनच दाबून पक्के करायचे, आतून आटे असलेले नट) बसवा. एम-8 रिव्हेट नटसाठी साधारणपणे 11 मिमीचे भोक लागते, पण तुमच्या नटाच्या पाकिटावर जे माप आणि पत्र्याची जी जाडी दिली असेल तीच प्रमाण माना, कारण भोक किंचित मोठे झाले की नट जागच्या जागी फिरू लागतो आणि मग बोल्ट धड घट्टही होत नाही आणि निघतही नाही. ब्रॅकेटमागे रुंद पोलादी पट्टी दिली तर खालचा टेकू पत्र्यात रुतत नाही. भोके पेटीच्या भिंतीतच हवीत, तळाच्या सपाट पत्र्यात मुळीच नकोत. तो पत्रा असल्या ओढीसाठी केलेलाच नसतो.

वेल्डिंगच्या मी विरोधात आहे. उष्णतेने पेटीच्या आतला गंजरोधक थर जळतो आणि तिथे पुन्हा हात पोचत नाही. शिवाय कॅम्परमध्ये त्याच भिंतीच्या पलीकडे तुम्ही स्वतः भरलेले फोम आणि लाकूड असू शकते.

उंबरठा

पकडीबद्दल वर लिहिले आहे ते मला पटते, पण मुळात पूर्ण लांबीचा बोर्ड आईंच्या अडचणीवर उपाय आहे का, याविषयी मला शंका आहे. असा बोर्ड पेटीच्या खालच्या कडेला लागून बसतो, त्यामुळे तो जमिनीपासून बराच वर राहतो. आतला तळ जमिनीपासून 60 सेंमी आणि बोर्ड 45 सेंमीवर असेल, तर पहिले पाऊल 45 सेंमी उचलावे लागेल आणि दुसरे अवघे 15. वयस्क माणसाच्या गुडघ्याला पहिलेच पाऊल जड जाते. त्यांच्यासाठी 30 सेंमीच्या आसपास येणारी, एकट्या सरकत्या दरवाजापुरती दुमडती पायरी आणि दरवाजाच्या चौकटीला आतून एक भक्कम मूठ, एवढे केले तरी जास्त उपयोग होईल. मोजमाप मात्र पाण्याची टाकी भरून आणि नेहमीचे सामान चढवून घ्या, कारण भरलेली गाडी दबते.

विजेवर बाहेर येणारी पायरी घेतलीत, तर ती बाहेर असताना गाडी चालू केल्यास इशारा देणारी किंवा आपोआप आत जाणारी जोडणी घ्याच आणि तिच्या तारेवर बॅटरीजवळ फ्यूज बसवा.

हातोडी_आणि_नकाशा

दोघांचेही आभार. पायरीच्या उंचीचा हिशेब मी केलाच नव्हता. आता सरकत्या दरवाजाला दुमडती पायरी आणि दुसऱ्या बाजूला, जिथे तयार नट आहेत तिथे, बोर्ड असे ठरवतो आहे. पायरीसाठीही दोन-तीन भोके पाडावीच लागतील. ड्रिल लावण्यापूर्वी काय तपासावे, आणि संचातले बोल्ट स्टेनलेसचे आहेत ते तसेच वापरावेत का?

गंजशत्रू

ड्रिलआधीचे तपासणे हेच या कामातले खरे काम आहे. गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका; सपाट, टणक जागा, चाकांना अडण्या आणि वजन पेलणारे जॅक स्टँड एवढे हवेच. ब्रेकची आणि इंधनाची नळी बाहेरून दिसते, पण तारांचे जुडगे अनेकदा पेटीवरच्या प्लास्टिकच्या झाकणाखालून जाते, म्हणून ते झाकण काढून पाहा. कॅम्परमध्ये यावर तुमचीच भर पडलेली असते: गॅसची नळी, पाण्याची टाकी, घरगुती बॅटरीच्या तारा. ड्रिलच्या बिटवर एक सेंटिमीटर टोक मोकळे सोडून चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे पत्रा फुटताच बिट खोल घुसत नाही. दोन दरवाजांमधल्या खांबाच्या पायथ्यापाशी एअरबॅगचा धक्कामापक असू शकतो, तेव्हा तो भाग वर्ज्य. विजेवर चालणारी व्हॅन असेल, तर तळाशी उच्च विद्युतदाबाची बॅटरी असते आणि तिथे निर्मात्याने दिलेल्या जागांखेरीज कुठेही बिट लावू नये.

भोक पडल्यावर कड कानशीने साफ करा, लोखंडी कीस चुंबकाने गोळा करा (पेटीत राहिलेला कीस भोकाच्या कडेआधी गंजतो), मग जस्तयुक्त प्रायमर आणि रंग लावा. रंग पूर्ण वाळल्यावर रिव्हेट नट बसवा आणि शेवटी लांब नळीने पेटीत गंजरोधक मेण फवारा. पेटीच्या तळाशी पाणी निघण्याची बारीक छिद्रे असतात. ती मेणाने किंवा ब्रॅकेटने बुजली तर आपण सोय नव्हे, डबके बसवले असे होईल.

स्टेनलेस बोल्ट चालतील, पण ॲल्युमिनियमला ते थेट टेकू देऊ नका. ओल आणि मीठ मिळाले की दोन धातूंच्या जोडणीत ॲल्युमिनियम झिजते आणि बोल्टभोवती पांढरी पूड धरते. मध्ये नायलॉनचे वॉशर घाला आणि आट्यांना जाम होऊ न देणारे वंगण लावा. मात्र वंगण लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला (आवळताना दिलेल्या पिळाच्या जोराला) जास्त आवळला जातो, हे लक्षात असू द्या. पक्क्या नटात 8.8 दर्जाचा (हा पोलादी बोल्टच्या ताकदीचा दर्जा) कोरडा एम-8 बोल्ट सुमारे 25 न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. स्टेनलेस बोल्ट आणि रिव्हेट नट यांची मर्यादा त्याहून कमी असते, म्हणून टॉर्क पाना निर्मात्याच्या आकड्यावरच लावा.

सगळे ब्रॅकेट आधी सैल अडकवा, बोर्ड ठेवा, रेषेत आणा आणि मगच आवळा. एक ब्रॅकेट पूर्ण आवळून पुढच्याकडे गेलात तर शेवटचे भोक हमखास जुळत नाही. सरकता दरवाजा पायरी उघडी आणि मिटलेली, अशा दोन्ही स्थितींत शेवटपर्यंत नेऊन पाहा, कारण सुटल्या क्षणी तो बाहेर येतो आणि त्याच्या खालच्या रोलरचा हात पायरीच्या चौकटीला घासू शकतो. जॅक लावायची खाचही मोकळी राहिली पाहिजे. काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

छतावरच्या सामानाचे म्हणाल, तर बोर्डावर निर्मात्याने वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती सरळ उभ्या माणसासाठी असते, हात वर करून जड पेटी ओढणाऱ्यासाठी नव्हे. त्या कामाला शिडी घ्या.