दरोडा, घरफोडी की नुसतीच भुरटी चोरी?

अर्धविराम
आमच्या चित्रपट मंडळात मारिओ मोनिचेल्लीचा १९५८ सालचा इटालियन सिनेमा 'इ सोलिती इन्योती' दाखवायचाय. शेजारच्या रिकाम्या घरात शिरून, भिंत फोडून तिजोरी गाठायचा काही चोरांचा बेत, अशी गोष्ट. परिचयपत्रक माझ्या गळ्यात पडलं म्हणून आधी बघून घेतला. खरं सांगू? हिरमोड झाला. गासमन, मास्त्रोयानी, तोतो, कोवळी क्लाउदिया कार्दिनाले, सगळे आहेत, पण चोरीला हात घालायलाच इतका वेळ लावतात की घड्याळाकडे लक्ष जातं. पत्रकात अर्थातच हे लिहिता येत नाही. मी 'विनोदी दरोडापट' असं लिहिलं. एका ज्येष्ठ सभासदांनी ते खोडून 'घरफोडीपट' केलं. म्हणे दरोडा म्हटला की मशाली, कुऱ्हाडी आणि आरडाओरडा आलाच. पण बँकेवर पडतो तो दरोडाच ना? 'हाइस्ट'ला मराठीत नेमका शब्द कोणता?

चहाबाज
'भ्रमनिरास झाला' न लिहिता 'हिरमोड' लिहिलंत, आधी त्याबद्दल धन्यवाद. भ्रमाचा निरास झाला तर माणसानं पेढे वाटावेत.

शब्दाचं म्हणाल तर 'डल्ला'. 'डल्लापट'. सुटसुटीत.

मात्रावेलांटी
डल्ला मारतात, पाडत नाहीत. आणि 'डल्लापट' हे गल्लापेटीच्या धाकट्या भावासारखं वाटतं. दोन शब्द एकमेकांना चिकटवले की मराठी समृद्ध होते हा समज कुठून आला कोण जाणे.

वकीलसाहेब
ज्येष्ठ सभासदांचं बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं. आपल्या कायद्यात दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. भारतीय दंड संहितेचं कलम ३९१ होतं, आता न्याय संहितेचं ३१० आहे. पाचापेक्षा कमी असतील तर ती जबरी चोरी, आणि तिलाही मारहाण किंवा धाकदपटशा हवा. या सिनेमात पेप्पे, तिबेरिओ, मारिओ, फेर्रिबोत्ते आणि म्हातारा कापानेल्ले असे पाच होतात खरे, पण मारिओ ऐन वेळी अंग काढून घेतो. उरले चार. घरात कुणी नाही, धाक दाखवायचा तो कुणाला? रात्रीची घरफोडी, बस्स.

नागपूरकर
वकीलसाहेब, मारिओ असतानाचं काय? 'दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद' अशी बातमी आमच्याकडे दर आठवड्याला असते. नुसती तयारीही गुन्हाच आहे ना? अन् या सिनेमात तयारीच तर आहे! तोतो गच्चीवर तिजोरी कशी फोडायची त्याची शिकवणी घेतो, ते काय मग? अर्धविराम, तुम्ही दरोडा बघायला बसले, म्हणून कंटाळले. हे चोट्टे दरोडा घालणारे नाहीतच. भुरटे आहेत बिचारे.

अर्धविराम
तयारी गंमतशीर आहे, नाही असं नाही. तिबेरिओची बायको सिगारेटींच्या चोरट्या व्यापारापायी तुरुंगात आणि हा तान्हं मूल काखेत घेऊन कटाला हजर, ते आवडलं. पण नंतरच्या इतक्या सिनेमांनी हाच मसाला वापरलाय की मूळ पदार्थच उष्टा लागतो.

चहाबाज
अहो, हा सिनेमा स्वतःच दुसऱ्या सिनेमाची टर उडवतोय! १९५५ च्या 'रिफिफी' या फ्रेंच सिनेमात अशीच फोडाफोड, तिथे छताची, किती गंभीरपणे, अवाक्षर न काढता चालते ते आधी बघा. मग हे बघा.

पाटीपुस्तक
'दरोडा' हे 'दरवडा'चं झिजलेलं रूप. जुन्या मजकुरात 'दरवडेखोर' असंच दिसतं. माझ्या मते फारसी 'दर' म्हणजे दार, दार फोडून पडतो तो दरवडा.

मात्रावेलांटी
आणि 'वडा' कुठून आला? तळून?

पाटीपुस्तक
थट्टा करायला अक्कल लागत नाही. तुमची व्युत्पत्ती सांगा.

विमुक्त
'भामटे' हा शब्द अजून कुणी सुचवला नाही, तो सुचवू नये म्हणून आधीच लिहितो. भामटे, उचले ही आमच्याकडे माणसांच्या जमातींची नावं आहेत. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, शब्द मात्र शिवी म्हणून राहिला. 'भुरटे' चालेल.

चहाबाज
मी तेच टंकत होतो. खोडलं.

सासुरवाडी_मिलान
इतकं सगळं झालं, पण नावाचं काय? 'सोलिती इन्योती' म्हणजे 'नेहमीचेच अज्ञात'. इथल्या वर्तमानपत्रांची ठरीव भाषा. चोर सापडला नाही की तो 'नेहमीचा अज्ञात'. आपल्या बातम्यांत 'अज्ञात चोरट्यांनी ऐवज लंपास केला' असतं ना, अगदी तेच! पत्रकात 'अज्ञात चोरटे' लिहा आणि मोकळे व्हा.

अजून एक. दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणारा कोरा माणूस शोधतात, त्याला ते 'पेकोरा' म्हणतात, म्हणजे मेंढी. आपल्याकडे बळीचा बकरा.

मात्रावेलांटी
बकऱ्याचा बळी जातो, तो स्वतःहून पैसे घेऊन जात नाही. ही मेंढी भाड्यानं मिळते. 'डमी' म्हणा. परीक्षेला बसतो तो.

पाटीपुस्तक
आता 'डमी' चालतं, आणि माझं 'दर' नाही चालत?

वकीलसाहेब
'ऐवज लंपास' याला मात्र हरकत आहे. भलतीच भिंत फोडून हे त्याच घराच्या स्वयंपाकघरात उतरतात आणि तिथला हरभऱ्यांचा पास्ता खाऊन संपवतात. ऐवज पोटात गेला. मुद्देमाल जप्त कसा करणार?

नागपूरकर
'अज्ञात चोरट्यांचा उसळीवर डल्ला.' घ्या, डल्लाही बसला.

सासुरवाडी_मिलान
उसळ नव्हे हो! 'पास्ता ए चेची' पातळसर असतो, वरून ऑलिव्हचं तेल. सासूबाई रोझमेरी घालतात.

नागपूरकर
तर्री नसेल तर आमच्यासाठी ते वरणफळच.

मात्रावेलांटी
वरणफळ तुरीच्या वरणाचं. शब्द जपून वापरा.

अर्धविराम
पत्रक उद्या छपाईला जायचंय. दरोडा की घरफोडी, एवढंच सांगा.

चहाबाज
पण चकोल्या आणि वरणफळं एकच का?