गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन, करंट नेमका जातो कुठं?

दारव्हेकर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्ह्यापासून बरंच आत आहे. गाडी सेकंडहँड डिझेल, २०१४ मॉडेल, रोज काही निघत नाही, बाजाराच्या दिवशी नाहीतर कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तरच, बाकी वेळ गोठ्याजवळ निंबाखाली उभी. दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसता कट-कट-कट आवाज आणि मीटरचे लाईट मंद होऊन जातात. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जम्पर दिला की लगेच सुरू, मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही तक्रार नाही. तालुक्याला बॅटरीवाल्यानं वरवर पाहिलं आणि म्हणाला नवीनच टाका, पण बॅटरी दीडच वर्षाची आहे हो. सध्या उभी करताना १० च्या पान्यानं निगेटिव काढून ठेवतो, तसं केलं की चार दिवसांनीही पहिल्या सेल्फला सुरू होते. आईला शुगर आहे, रात्री-बेरात्री कधी काम पडेल सांगता येत नाही, आणि अशा वेळी अंधारात पाना शोधत बसणं परवडत नाही. कुठून सुरुवात करू?

ऑटो_इलेक्ट्रिक_वर्धा:
दादा, अर्धा तपास तर तुम्हीच करून ठेवला. निगेटिव काढल्यावर चार दिवस चार्ज टिकतो म्हणजे बॅटरी आतून गळत नाही, गाडीतलं काहीतरी बंद गाडीत करंट ओढतंय. तेव्हा नवीन बॅटरीचे पैसे आत्ता अजिबात घालू नका, नवीनही तशीच उतरेल.

साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं मीटर) घ्या. आधी बॅटरीवर व्होल्ट पाहा, रात्रभर निगेटिव काढून ठेवलेली फुल बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ आलं तर डायनामो चार्ज करतोय.

आता खरं काम. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टाका, निगेटिव केबल काढा आणि केबल व बॅटरीचं टर्मिनल याच्या मधे मीटर लावा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. अशा वेळी सेल्फ मारायचा नाही, हेडलाईट लावायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडालाच समजा. दरवाजा उघडा ठेवावा लागला तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. चावी काढून लांब ठेवा आणि अर्धा-पाऊण तास गाडीला हातही लावू नका, कारण आतले कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात, लगेच रीडिंग घेतलं तर ते जास्तच दिसणार आणि माणूस भलत्याच गोष्टीमागे लागतो. नंतर २० ते ५० मिलीअँप, म्हणजे ०.०२ ते ०.०५ अँपिअर, दिसलं तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडेल त्या लाईनीवर चोर आहे.

संत्राबाग_मोर्शी:
भाऊ, आधी उंदरं पाहा. सोयाबीन निघालं की उंदरं गाडीत घुसतात, माह्या गाडीची वायर कुरतडून उघडी केली होती त्यायनं. दुसरं, डिक्कीचा न डॅशबोर्डच्या कप्प्याचा लाईट झाकण लावल्यावर विझते का ते पाहा, मोबाईलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा न झाकण लावा, दिसून जाते. न बॅटरीचं पाणीही पाहा, आपल्या इकडचा उन्हाळा बॅटरी लवकर खाते, टोपणं उघडणारी असन तं डिस्टिल्ड वॉटरच टाका, बोअरचं नाही.

दारव्हेकर:
उंदीर नाही, लाईटही विझतात. मीटर लावून पाऊण तास थांबलो, ०.४२ अँपिअर! फ्यूज एकेक करून डॅशबोर्डखालचे आणि बोनेटमधले सगळे काढून पाहिले, आकडा ०.४० च्या खाली येतच नाही. आता काय?

ऑटो_इलेक्ट्रिक_वर्धा:
हेच तर पाहिजे होतं. ०.४२ म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर, तुमची बॅटरी ४५ अँपिअर-अवरची असेल तर दोन-तीन दिवसांत सेल्फपुरतं उरणार नाही, हिशोब बरोबर बसतो. आणि फ्यूज काढूनही पडत नाही म्हणजे ती वायर फ्यूज बॉक्समधून जातच नाही, थेट बॅटरीवरून गेलीय. पॉझिटिव टर्मिनलवर कंपनीच्या केबलशिवाय वेगळी वायर आहे का पाहा, आधीच्या मालकानं काही बसवलं असेल. नसेल तर डायनामोची मोठी वायर काढून बघू, त्याचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेला तरी असंच होतं. पण ती काढण्याआधी निगेटिव सुटलेलाच पाहिजे.

दारव्हेकर:
सापडलं! पॉझिटिव नटाखाली एक जाड लाल वायर होती, मधे छोटा फ्यूज, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या) भोकातून आत गेलेली. मॅटिंग उचलत मागं गेलो तर ड्रायव्हर सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर. गाडी बंद, चावी घरात, आणि हात लावला तर तो कोमट! त्याचा मधला फ्यूज काढला आणि मीटर थेट ०.०२ वर आलं. त्याची बारीक चालू-बंदची वायर जाड लाल वायरलाच टेपनं जोडलेली आहे, म्हणजे हा बंदच होत नव्हता. आईला सांगितलं तर तिला माझ्यापेक्षा जास्त हायसं वाटलं. तुमचे लय उपकार दादा. गाणी पण पाहिजेत, पोरं ऐकत नाहीत, तर ती बारीक वायर लावू कुठं?

ऑटो_इलेक्ट्रिक_वर्धा:
बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या मागं बहुतेक निळ्या-पांढऱ्या पट्ट्याची वायर असते, तिच्यावर लावा, स्टिरिओ बंद झाला की अ‍ॅम्पही बंद. जोड टेपनं नुसता गुंडाळू नका, सोल्डर करून वर स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) चढवा. जाड वायरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच ठेवा, आणि फायरवॉलच्या भोकात रबराचं ग्रोमेट (वायरभोवतीची कडी) नसेल तर ते नक्की बसवा, पत्र्यावर घासून वायर शॉर्ट झाली तर आग लागते. बॅटरी पुन्हा पुन्हा पूर्ण उतरली की आतल्या प्लेटा खराब होतात, म्हणून एकदा चार-पाच अँपिअरवर सावकाश फुल चार्ज करून घ्या. रात्रभर ठेवून सकाळी १२.४ च्या खाली आली तर लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तपासणी) करा आणि मगच नवीनचा विचार. निळी-पांढरी वायर सापडली नाही तर स्टिरिओच्या मागचा फोटो टाका.